क्रियापद कुठे बसतं?

[दृश्य: कोर्लई किल्ल्यावरून समुद्र आणि कुंडलिकेची खाडी]

अलिबागहून दक्षिणेला निघालं की चौल, रेवदंडा, मग खाडीवरचा पूल आणि पलीकडे हा कोर्लईचा डोंगर. पर्यटक किल्ल्यावर फोटो काढतात आणि काशीदच्या वाटेला लागतात. गावात फारसं कुणी शिरत नाही. भाषेच्या अभ्यासकांसाठी खरं घबाड मात्र गावातच आहे.

[दृश्य: बंदर. बोंबील वाळत घालणारे हात]

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची. “मी बोंबील वाळवते,” मावशी म्हणतात. आधी करणारी, मग बोंबील, शेवटी क्रियापद. आपल्याला यात नवल वाटत नाही. पोर्तुगीज माणूस हेच सांगताना क्रियापद मध्ये घालेल: मी वाळवते बोंबील.

या एवढ्याशा फरकावर माणसं आयुष्य घालवतात.

[दृश्य: जुनी व्याकरणं, वह्या, नकाशा]

जोसेफ ग्रीनबर्ग, जन्म १९१५, ब्रुकलिन. पियानो उत्तम वाजवायचे, पण वळले मानववंशशास्त्राकडे आणि भाषाशास्त्राकडे. नायजेरियात हौसा लोकांमध्ये राहिले, महायुद्धात सैन्यासाठी सांकेतिक संदेश उलगडले. १९६३ साली छापलेल्या निबंधात त्यांनी ३० भाषा घेतल्या (हिंदी आहे, कन्नड आहे, मराठी नाही!) आणि भाषांच्या रचनेचे ४५ नियम मांडले. त्यातला एक आपल्या घरचाच: क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा ‘वर’, ‘कडे’ यांसारखी अव्ययं बहुतेक नामानंतर लावतात. होडीवर. बंदराकडे.

पुढे भाषाशास्त्रज्ञ मॅथ्यू ड्रायर यांनी तीस भाषांवर समाधान मानलं नाही. एकेक व्याकरण वाचायचं, नोंद करायची, पुढचं उघडायचं. १९९२च्या निबंधात ६२५ भाषा. जागतिक भाषा-नकाशासंग्रहाच्या २०१३च्या ऑनलाइन आवृत्तीत तेराशेहून जास्त. त्यात क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या साडेपाचशेच्या वर निघाल्या, मध्ये ठेवणाऱ्या ४८८.

पण नुसतं मोजून भागत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. मराठी, कोकणी, गुजराती या बहिणी. त्यांची तीन मतं धरली तर एकाच घराची मतं तीनदा मोजली जातात. शिवाय या किनाऱ्यानं कारवारपर्यंत खाली जा: कन्नडचं कूळच वेगळं, तरी क्रियापद शेवटीच. शेजाराचाही गुण लागतो. म्हणून ड्रायर यांनी जवळच्या भाषांचे गट केले, जगाचे मोठे भूभाग पाडले आणि कल प्रत्येक भूभागात वेगळा तपासला. विशेषण नामाआधी येणं हे क्रियापद शेवटी असण्याशी बांधलेलं आहे, असा पक्का समज होता. या मोजणीत तो टिकला नाही.

[दृश्य: चर्च. ख्रिस्ती वस्तीतल्या ओटीवरच्या गप्पा]

आता या ओटीवरचं बोलणं ऐका. शब्द पोर्तुगीज मुळाचे, ठेका ओळखीचा. ही ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’. सोळाव्या शतकात चौलच्या आसपास घडलेली भाषा. १७४० साली पोर्तुगीज चौल सोडून गेले, बोलणारे इथेच राहिले, चारी बाजूंनी मराठी. क्रियापद मध्ये ठेवणारी ही भाषा हळूहळू ते शेवटाकडे नेऊ लागली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी इथे येऊन ते नोंदवलं; त्यांचं पुस्तक १९९६चं. नकाशावर भाषेला एकच ठिपका मिळतो. तो ठिपका जागचा हलतो कसा, ते अशा गावात कळतं.

आणि ते टिपायला अमेरिकेतून माणूस यावा लागला, हेही लक्षात असू द्या.

[दृश्य: शाळा सुटते]

मुलं मराठी शाळेत जातात, नौ लिंग बोलणारे हजाराच्या आसपास.

[दृश्य: ओटी. आजी आणि नात]

मराठीच्या बोलींचं ध्वनिमुद्रण पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीनं केलंय, ते सर्वांना ऐकता येतं. तोच रेकॉर्डर घेऊन आपल्याच विद्यापीठातल्या कुणीतरी या ओटीवर बसायला हवं. मुंबईहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं.