बालवर्गात गोरिला शिकवताना

बालवर्गातल्या मुलांनी गोरिला आधीच पाहिलेला असतो, कार्टूनमध्ये नाहीतर सिनेमात. तो डरकाळ्या फोडतो, इमारतीवर चढतो, मुठींनी छाती बडवतो. चित्र दाखवून "हा कोण?" असं विचारलंत, तर पुढची दहा मिनिटं आरडाओरडीत जातील. म्हणून माझं सांगणं, छातीपासून सुरुवात करू नका. पोटापासून करा. गोरिलाचा दिवस मुख्यतः खाण्यात आणि आराम करण्यात जातो, आणि खाणं मुलांना पक्कं कळतं.

त्याआधी कोणता गोरिला ते ठरवा. चार उपप्रजाती एका तासात कोंबल्या की सगळी खिचडी होते. मी पर्वतीय गोरिला सुचवेन. पृथ्वीगोलावर मुलाचं बोट महाराष्ट्रावर ठेवा, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या मधोमध विषुववृत्तापाशी आणा. तिथे रवांडा, युगांडा आणि कांगो यांच्या सीमेवर विरुंगाचे ज्वालामुखी डोंगर आहेत. हे गोरिला तिथे आणि युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलातच राहतात. २०१९ साली जाहीर झालेला आकडा १,०६३ होता. तो तुमच्यासाठी, चार वर्षांच्या मुलांना सांगून उपयोग नाही. एखादं मूल म्हणेल, "मी म्हैसूरला पाहिलाय." बरोबर असेल, २०२१ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात जर्मनीहून दोन नर आणले. मात्र ते पश्चिमेकडच्या सखल जंगलातल्या जातीचे आहेत. ती जात फळं पुष्कळ खाते.

आता जेवण. मोठा नर दिवसाला वीस किलोच्या आसपास पाला खातो. किलो हा शब्द या वयात पोकळ असतो, म्हणून भाजीवाल्याकडून कोबीची बाहेरची पानं आणि मुळ्याचा पाला मागून आणा, वीस किलो मोजून पोत्यांत भरा आणि मुलांना ती ओढू द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे केळ्यांचा घड. केळी हे विरुंगातलं रोजचं अन्न नाही. रानटी सेलरी, काटेरी झुडपं, बांबूचे कोंब, अंगाची आग करणाऱ्या खाजऱ्या वनस्पती हे त्यांचं जेवण. खाजरी पानं ते देठावरून ओरबाडून घेतात आणि विड्यासारखी दुमडून तोंडात टाकतात, म्हणजे टोचणारा भाग आत राहतो. पालकाच्या पानांवर ही दुमड मुलांकडून करून घ्या. बोटांना छान व्यायाम होतो, आणि गोरिला हुशार असतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

चालणं शिकवताना मुलं सरळ मूठ टेकतात. ते चूक. बोटं दुमडून मधल्या पेरांची पाठ जमिनीवर टेकवायची. मुलांचे हात पायांपेक्षा आखूड, त्यामुळे ढुंगण वर जातं आणि भार मनगटावर येतो. सतरंजीवर, दोन मिनिटं, शर्यत अजिबात नाही. गोरिलाचे हात पायांपेक्षा लांब असतात, म्हणून त्याला हे सोपं जातं. फळ्यावर सव्वादोन मीटरची आडवी रेघ मारा, मोठ्या नराने हात पसरले की निदान एवढे होतात. दोन-तीन मुलं त्या रेघेखाली हात पसरून उभी राहिली की अंदाज येतो.

घरटं हा सगळ्यात रंगणारा भाग. गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करतो, काही मिनिटांत. मुलं वर्तमानपत्रं एका जागी रचून वर बसायला जातात. उलट करायचं: आधी मध्ये बसायचं आणि भोवतीचं साहित्य वाकवून आपल्याखाली, बाजूंनी दाबायचं. भाताचा पेंढा मिळाला तर उत्तम, पण दम्याचं मूल वर्गात असेल तर कागदच बरा. "बाळ कुठे झोपतं?" हा प्रश्न येतोच. आईच्या घरट्यात, तीन-चार वर्षांचं होईपर्यंत. जन्मतः बाळ जेमतेम दोन किलोचं असतं.

एवढं झाल्यावर छाती. मूठ नव्हे, तळहात किंचित पोकळ करून. पोकळीमुळे आवाज घुमतो आणि दूर जातो. मोठ्या शरीराच्या नराचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, म्हणजे न बघताही समोरच्याला त्याचा आकार कळतो, आणि भांडण टळायला मदत होते. प्रत्येकाला चार ठोके द्या आणि लगेच समाधानाचा आवाज काढायला लावा: घशातून, तोंड मिटून, खोल "म्म्ह". वाटाडेही गोरिलांजवळ जाताना हाच आवाज काढतात. वर्ग शांत होतो, हा वरचा फायदा.

शेवटची दहा मिनिटं अंतरासाठी ठेवा. अंगणात दहा मीटरची खडूची रेघ, एका टोकाला चित्र. पर्यटकांना यापेक्षा जवळ जाऊ देत नाहीत, कारण आपली सर्दी त्यांना होते आणि जिवावर बेतू शकते. सर्दी झालेल्याला जाताच येत नाही आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही. हे ऐकून वर्ग हिरमुसतो, पण लपवू नका. फासे आणि शिकारीचं सात वर्षांच्या पुढे, तेही मुलांनी विचारलं तर: हे फासे बहुधा हरणांसाठी लावलेले असतात, गोरिलाचा हात-पाय त्यात अडकतो, आणि पशुवैद्य जंगलात जाऊन तो सोडवतात.