बडी हॉली : क्लोव्हिसच्या रात्री

(दृश्य : क्लोव्हिस, सातवा रस्ता. स्टुडिओची बैठी इमारत, दर्शनी काच.)

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं क्लोव्हिस गाव. हा निर्माता आणि ध्वनिमुद्रक नॉर्मन पेटीचा स्टुडिओ. रॉक अँड रोल गायक-गिटारवादक बडी हॉलीचं नाव निघालं की बोलणं थेट तो ज्यात गेला त्या विमान अपघातावर जातं. पण रॉक अँड रोलला त्यानं जे दिलं, त्यातलं बहुतेक इथे घडलं, १९५७ साली.

बडीचं गाव टेक्सासमधलं लबक, इथून साधारण दीडशे किलोमीटर. जन्म ७ सप्टेंबर १९३६. १९५६ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं त्याला नॅशव्हिल शहरात बोलावलं. तिथे स्टुडिओ तासांच्या हिशेबानं मिळायचा आणि गाणं कसं वाजावं हे निर्माता ठरवायचा. 'दॅटल बी द डे' पहिल्यांदा तिथेच ध्वनिमुद्रित झालं. कंपनीनं ते बाजूला ठेवलं, करारही पुढे वाढवला नाही.

(दृश्य : कंट्रोल रूम, मग मागच्या खोल्या.)

पेटी तासावर नाही, गाण्यावर पैसे घ्यायचा. बडीसाठी ही फार मोठी गोष्ट होती. मनासारखं होईपर्यंत एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवा, कोणी घड्याळ दाखवणार नाही. काम रात्री चालायचं, कारण शेजारीच पेटीच्या वडिलांचं गॅरेज होतं आणि दिवसा ट्रकची घरघर माइकमध्ये शिरायची. मागच्या खोल्यांत झोपायची सोय, स्वयंपाकघरही तिथेच.

२५ फेब्रुवारी १९५७ ला 'दॅटल बी द डे' इथे नव्यानं ध्वनिमुद्रित झालं, तेही कंपन्यांना ऐकवायचा नमुना म्हणून. तोच नमुना पुढे रेकॉर्ड म्हणून बाजारात आला. डेक्कासाठी गायलेली गाणी पाच वर्षं दुसरीकडे गायची नाहीत अशी जुन्या करारात अट होती, म्हणून रेकॉर्डवर बडीचं नाव न घालता 'द क्रिकेट्स', म्हणजे रातकिडे, असं बँडचं नाव छापलं. ती काढणारी ब्रन्सविक ही डेक्काचीच उपकंपनी. सप्टेंबरात गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

(दृश्य : इको चेंबर. उघड्या भिंती, कोपऱ्यातला स्पीकर.)

आवाजात घुमारा आणायला तेव्हा बटण नव्हतं, खोली लागायची. कठीण, गुळगुळीत भिंतींची मोकळी खोली. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. गाणाऱ्याचा आवाज स्पीकरमधून खोलीत सोडायचा, भिंतींवरून परतलेला आवाज माइकनं उचलायचा आणि मूळ आवाजात हवा तेवढा मिसळायचा. अडचण एकच : खोलीत जे काही वाजेल ते टेपवर येतं. एकदा रातकिडा शिरला. 'आय'म गॉना लव्ह यू टू' या गाण्याच्या शेवटी तो स्पष्ट ऐकू येतो. तो काढायचा कशाला, म्हणून तसाच ठेवला.

(दृश्य : बाहेरची लॉबी. ड्रम. मग स्ट्रॅटोकास्टर गिटारचा क्लोज-अप, स्विचवर बोट.)

आता 'पेगी सू' हे गाणं. बँडचा ड्रमर जेरी ॲलिसनचा ड्रम इतका दणदणीत होता की गाण्याच्या माइकमध्ये घुसायचा. म्हणून ड्रम उचलून या लॉबीत मांडला. स्नेअर ड्रमच्या तळाच्या तारा सोडून दिल्या, त्यामुळे चरचर गेली आणि गोल ठोका उरला. हात असा चालतो : उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, गाणं संपेपर्यंत न थांबता. कंट्रोल रूममध्ये पेटी ड्रमचा घुमारा हातानं कधी चालू, कधी बंद करत होता. ठोके जवळ आल्यासारखे, लांब गेल्यासारखे वाटतात ते त्यामुळे.

गिटारवर बडीचे सगळे फटकारे वरून खाली, झपाट्यानं. सोलोला, म्हणजे मधल्या एकट्या गिटारच्या तुकड्याला, धारदार आवाज हवा, म्हणजे पिकअपचा (तारांचा आवाज उचलणाऱ्या भागाचा) स्विच बदलायला हवा. पण उजवा हात क्षणभर सुटला तरी लय तुटते. मग दुसरा गिटारवादक निकी सुलिव्हन बडीशेजारी गुडघ्यावर बसला. सोलो आला की त्यानं स्विच ढकलायचा, संपला की मागे आणायचा. या गाण्यात त्याचं काम एवढंच, आणि ते चुकलं असतं तर अख्खं ध्वनिमुद्रण वाया.

'एव्हरीडे'त ड्रमच नाही. ॲलिसन स्वतःच्या मांड्यांवर थाप देतोय, सोबतीला सेलेस्टा या पियानोसारख्या छोट्या वाद्याचे किणकिणते सूर. 'नॉट फेड अवे'त त्यानं पुठ्ठ्याचं खोकं वाजवलं. 'वर्ड्स ऑफ लव्ह'मध्ये बडीनं स्वतःच्या आवाजावर स्वतःचाच आवाज चढवला. आधीची टेप वाजवत ठेवायची, तिच्याबरोबर गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर उतरवायचं. प्रत्येक थराबरोबर टेपची सरसर वाढते आणि खालचा थर नंतर दुरुस्त करता येत नाही. वीस वर्षांचा मुलगा हे करत होता.

(दृश्य : रेकॉर्डचं लेबल.)

लेबलवरची नावं नीट बघा. 'दॅटल बी द डे' नॅशव्हिलला सात महिने आधीच गाऊन झालं होतं, तरी रचनाकारांत तिसरं नाव पेटीचं आहे. स्टुडिओतलं त्याचं कसब मोठंच, पण गाणं लिहिणं हे वेगळं काम. १९५८ च्या अखेरीस बडी त्याच्यापासून वेगळा झाला. पैशांचा हिशेब अडकलेला होता, म्हणून ऐन हिवाळ्यातला दौरा घ्यावा लागला.

(दृश्य : सर्फ बॉलरूम, क्लिअर लेक, त्याच्या शेवटच्या कार्यक्रमाची जागा. बर्फाचं शेत.)

बसचा हीटर सारखा बंद पडायचा. या दौऱ्यातल्या ड्रमरचे (ॲलिसन नव्हे) पाय गारठून तो रुग्णालयात गेला. ३ फेब्रुवारी १९५९ च्या पहाटे भाड्यानं घेतलेलं छोटं विमान आयोवा राज्यात कोसळलं. बडी, दौऱ्यातले गायक रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन, आणि वैमानिक रॉजर पीटरसन, चौघेही गेले. बडी बावीस वर्षांचा होता.

(दृश्य : फिरणारी टेप.)

त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत न्यूयॉर्कच्या घरी त्यानं सहा नवी गाणी टेप केली होती. फक्त आवाज आणि गिटार. पुढे त्यांवर दोनदा, वेगवेगळ्या वादकांकडून साथ चढवली गेली. एकटा गाणारा माणूस लय थोडी पुढेमागे करतोच. त्यामुळे मागाहून आलेल्या ड्रमरला त्याच्या मागून चाचपडत जावं लागतं, आणि ते ऐकताना जाणवतं. साथीशिवायच्या मूळ टेपही आता उपलब्ध आहेत. आधी त्या ऐका.