उगवतीला अंग देणारं पान

नमस्कार श्रोतेहो! आज इलिनॉयच्या प्रेअरीतलं म्हणजे तिथल्या गवताळ रानातलं एक फूल ओळखायचंय, कंपास प्लांट. लांबून सूर्यफूलच वाटतं, पिवळं, जुलै-ऑगस्टमध्ये फुलणारं, माणसाच्या डोक्यावर जाणारं, पण तुम्ही फूल बघू नका, पान बघा. हातभर लांब, फणीसारखं खोल फाटलेलं, खरखरीत, आणि आडवं न पसरता उभं राहिलेलं, एक अंग उगवतीला, एक मावळतीला. म्हणजे कडा उत्तर-दक्षिण. भर दुपारचं ऊन नुसतं कडेवर पडतं, पाणी वाचतं.

माझी आई साताऱ्याहून शिकागोजवळ आमच्याकडे आली होती तेव्हाची गोष्ट. तिला प्रेअरी दाखवायला नेलं, गवत छातीपर्यंत, आभाळ गच्च भरून आलं, माझा फोन बंद पडला आणि नेमकी तिथेच पायवाट फुटलेली. मी घाबरलो हो! आई शांत. म्हणाली, "अरे, मघाशी त्या झाडाचं सांगत होतास ना?" तिने पानाला तळहात लावला, मग दुसऱ्या झाडाच्या, मग तिसऱ्या, कारण एखादं पान वाकडं असतंच. "ही रेघ झाली, पण उत्तरेचं टोक कुठलं?" ते काही पान सांगत नाही. तेवढ्यात मागून मालगाडीचा भोंगा वाजला. गाडी आम्ही रुळांजवळ, दक्षिणेला लावलेली. झालं, त्या रेघेवरची वाट धरली, मध्ये मध्ये पानं बघत वीस मिनिटांत पोचलो.

आईला हे जमलं कारण तिच्या घरात अजून "उगवतीच्या खोलीतून आण" असंच बोलतात. मुलांना दिशा शिकवाच, माझं स्पष्ट मत आहे, फोनवर सोडू नका.

तर परत सांगतो, आधी पान. आणि हे सापडतं कुठे? जुन्या रेल्वेलाइनच्या कडेला, जुन्या दफनभूमीत, जिथे नांगर गेला नाही तिथे. 1837 मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने इलिनॉयमध्येच पोलादी नांगर बनवला, त्याला ती चिकट माती धरेना, मग सगळं रान मक्याखाली गेलं. तिथे 2 कोटी एकरांवर प्रेअरी होती, आता हजारात एक भागही मूळची उरली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून उपटून घरी आणू नका, मूळ 10 फुटांखाली जातं, तुटलं की झाड गेलं. बी लावा, थंडीआधी.

आम्ही तीन वर्षांपूर्वी लावलंय. अजून फूल नाही, पण आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, "पानं वळली का रे?" यंदा वळलीत.