जांभळं न खाता काळे झालेले ओठ

श्रोतेहो, नमस्कार. पावसाच्या तोंडाशी जांभळांच्या पाट्या नाशकात आल्या की पोरांचे ओठ काळेनिळे होतात. दिंडोरीकडच्या एका 14 वर्षांच्या मुलाला मात्र शाळेत बारा महिने ‘जांभूळ’ म्हणून चिडवायचे. ओठांवर तिळाएवढे काळपट ठिपके. घरचे म्हणायचे, आजोबांवर गेलाय.

माझ्याकडे तो आला पोटात कळा येतात म्हणून. दोन वर्षं जंतांच्या गोळ्या चालू होत्या, आणि हिमोग्लोबिन उतरत 7 वर आलेलं. सोनोग्राफीत दिसलं, आतड्यात आतडं शिरलंय. सदरा काढताना बाही आत ओढली जाते ना, अगदी तसं. आत लोंबणारा मांसाचा कोंब, म्हणजे पॉलिप, आतड्याच्या हालचालीनं पुढं सरकतो आणि भिंतीलाही सोबत ओढून नेतो. रक्तपुरवठा तुटला तर तेवढं आतडं सडतं. त्याच रात्री ऑपरेशन करावं लागलं.

या आजाराला प्यूट्झ-जेगर्स सिंड्रोम म्हणतात. 1921 साली प्यूट्झ या डच डॉक्टरांनी ठिपके आणि पॉलिप यांची सांगड घातली. नाव विसरलात तरी चालेल, ठिपके विसरू नका. साधे वांग किंवा तीळ सहसा तोंडाच्या आत जात नाहीत. हे ठिपके गालाच्या आतल्या बाजूलाही असतात, कधी बोटांवरही. वयात आल्यावर ओठांवरचे फिकट होतात, गालातले बहुधा राहतात. म्हणून मी मुलाच्या वडिलांना तोंड उघडायला लावलं. ते जरा बिचकलेच. ठिपके होते.

दोष एसटीके-11 या जनुकात असतो, आणि आई-बापापैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मूळ दोष औषधानं जात नाही. पॉलिप मात्र दुर्बिणीतून काढता येतात. लहान आतड्यासाठी फुगे लावलेली लांब दुर्बीण असते, तपासणीला गिळायची, आत कॅमेरा असलेली कॅप्सूलही. लक्षणं नसली तरी पहिली तपासणी साधारण आठव्या वर्षी, आणि पॉलिप सापडले तर दर 3 वर्षांनी. दीड सेंटिमीटरच्या पुढचा पॉलिप आतडं अडकायच्या आधीच काढलेला बरा. मोठेपणी आतडी, स्तन, स्वादुपिंड यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे वडिलांच्याही तपासण्या सुरू केल्या.

मुलाची धाकटी बहीण 8 वर्षांची. ओठ स्वच्छ, पोट कधी दुखलेलं नाही. गालाच्या आत टॉर्च मारला, तर दोन ठिपके. द्राक्षांची छाटणी उरकली की तिला घेऊन येतो, असं वडील म्हणाले. मी म्हटलं, छाटणी होईल हो, सोमवारी या.