सही तुमचीच ना?

विषय दिला आहे करार कायद्यातलं कलम 16, अनुचित प्रभाव, म्हणजे समोरच्यावरच्या आपल्या हुकमतीचा गैरफायदा घेऊन करार करून घेणं. पण माझा जीव अडकलाय तो हक्कसोडपत्रात, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतला आपला वाटा सोडून देण्याच्या दस्तात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

एक विधवा मावशी माझ्याकडे आल्या. नवरा गेल्यापासून थोरल्या भावाच्या घरी राहत होत्या, औषधपाणी तोच बघायचा. वडिलांचं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात त्यांना दुय्यम निबंधकांकडे नेलं. वकील भावाचा, मसुदा भावाचा, साक्षीदार भावाचे मेहुणे. हसताय, पण तुमच्या घरच्या दस्तावर साक्षीदार कोण होते, आठवून बघा! फोटो निघाला, अंगठा उमटला, ‘सही तुमचीच ना?’ ‘हो.’ झालं. दस्त त्यांनीच करून दिला, एवढी खात्री पटली की 1908 च्या नोंदणी कायद्याचं समाधान होतं. घरी काय बोलणं झालं, हे तिथे कोण विचारणार?

बोलणं एवढंच झालं होतं: ‘सही नको असेल तर नको करूस, पण मग राहायचं कुठे ते तूच बघ.’ मावशींनी कागद वाचला होता, त्यांना तो कळलाही होता. म्हणजे फसवणूक नाही. मारहाण नाही, कोंडून ठेवलं नाही, म्हणजे कलम 15 ची जबरदस्तीही नाही. अशाच माणसासाठी 1872 च्या कायद्यात कलम 16 आहे. मावशी आल्या फार उशिरा. असा दस्त रद्द करून घ्यायला दाव्याची मुदत तीन वर्षं, आणि त्यांना तर सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे मला अजून सलतं.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, आणि पुराव्याच्या भाराबद्दल, म्हणजे सिद्ध कोणी करायचं याबद्दल, बोलायचं तर राहिलंच. भरभर सांगतो. आधी सिद्ध करायचं की समोरचा तुमच्या इच्छेवर हुकमत गाजवू शकेल अशा जागी होता. नुसतं नातं पुरत नाही. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्राच्या खटल्यात तेच सांगितलं. त्या जोडीला व्यवहार उघडउघड अन्यायकारक दिसला, तर भार उलटतो: प्रभाव वापरला नाही हे त्याने दाखवायचं. कायद्यातलं उदाहरणच गावच्या सावकाराचं आहे. उलट, बाजारात पैशाची टंचाई असताना बँकेने चढं व्याज लावलं, तर तो नेहमीचा व्यवहार. आणि वकील मित्रांनो, दाव्यात ‘दबाव आणला’ एवढंच लिहून भागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 6, नियम 4 तपशील मागतो: कोणी, कधी, कसा.

भार उलटला की भावाच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा कोणता? बहिणीला स्वतंत्र सल्ला मिळाला होता, हा. म्हणून भावांनाही सांगतो, बहीण खरंच मनापासून हक्क सोडत असेल तर सहीआधी तिला तिच्या पसंतीच्या वकिलाकडे एकटीला पाठवा, आणि तुम्ही बाहेर बाकावरसुद्धा बसू नका.