अंगावर घेणारा कॅप्टन: होंग म्योंग-बो

नमस्कार मंडळी. आज जरा मागे जाऊया, २२ जून २००२, शनिवार. फुटबॉल वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, कोरियातली मॅच, त्यामुळे आपल्याकडे भर दुपारी बाराला सुरू झालेली, आणि अडीच वाजत आले तरी स्कोअर आपला शून्य-शून्यच. आमच्याकडे आई जेवायला हाका मारून मारून थकली, ताटात आमटीवर साय धरली, पण टीव्हीसमोरून कोण उठतंय! ग्वांगजूचं स्टेडियम नुसतं लालेलाल, समोर स्पेन, आणि पेनल्टी शूटआऊट. स्पेनच्या होआकिनची किक गोलकीपर ली उन-जेने अडवली आणि आता कोरियाची पाचवी किक, ही गेली की सेमीफायनल. मारायला कोण आला, तर २० नंबरचा जर्सीवाला, ३३ वर्षांचा कॅप्टन, आणि तोही डिफेंडर. समोर स्पेनचा गोलकीपर कासियास. मारली, गेली! आणि मग हा माणूस, ज्याचा चेहरा एरवी बँकेत लोन नाकारणाऱ्या साहेबासारखा, तो दोन्ही हात पसरून लहान पोरासारखा हसत सुटला.

तोच हा होंग म्योंग-बो. (स्पेनवाले आजही म्हणतात आमचे दोन गोल नाकारले, आणि मॅच परत बघितली तर त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही, पण ते भांडण रेफ्रीशी, या किकशी नाही.)

आता हा खेळायचा कुठे, तर लिबेरो, म्हणजे गोलकीपरच्या पुढे आणि बाकी सगळ्या डिफेंडर्सच्या मागे. कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना स्टॉपर म्हटलं की लगेच कळेल, लिबेरो साधारण त्याच्याही मागे उभा. लग्नघरात कसा एक काका असतो बघा, कुठल्या पंगतीत बसलेला दिसणार नाही, पण कुठे काही सांडलं, कोण रुसलं, आचारी पळाला, की पहिला तोच हजर, तसंच हे काम. फरक एवढाच की होंग नुसतं सांडलेलं पुसून थांबायचा नाही, बॉल घेऊन सरळ पुढे निघायचा. १९९४ ला अमेरिकेत, डॅलसला, स्पेनविरुद्ध कोरिया दोन गोलांनी मागे होती तेव्हा ८५ व्या मिनिटाला पहिला गोल याचा, नंतर सो जुंग-वनने दुसरा मारला आणि मॅच २-२. मग त्याच मैदानावर जर्मनीशी गाठ, हाफटाइमलाच ०-३, त्यातले दोन क्लिन्समनचे, आणि दुसऱ्या हाफमध्ये ह्वांग सन-होंगने एक आणि आपल्या होंगने लांबून एक असा ठोकला की शेवटी ३-२ वर जर्मनांनी सुटकेचा श्वास सोडला. ही नावं लक्षात ठेवा हां, क्लिन्समन, ह्वांग, होंग, पुढे लागणार आहेत.

त्याचं बाकीचं करिअर पटकन सांगतो. जन्म १९६९ चा, सोलचा. १९९० च्या वर्ल्ड कपला गेला तेव्हा कॉलेजात होता. १९९२ ला पोहांगमध्ये, त्या स्टील कंपनीच्या क्लबकडून, पहिल्याच सीझनला लीग जिंकली आणि स्वतः एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. मग जपानमध्ये चार-पाच वर्षं, परत पोहांग, शेवटी लॉस एंजेलिसला गॅलेक्सीकडे. १९९०, ९४, ९८, २००२ असे सलग चार वर्ल्ड कप खेळणारा पहिला आशियाई, १३६ इंटरनॅशनल मॅचेस, आणि २००२ ला स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये जर्मनीचा गोलकीपर कान आणि ब्राझीलच्या रोनाल्डोच्या पाठोपाठ तिसरा. डिफेंडर, आणि आशियाचा! त्याच स्पर्धेच्या शेवटच्या मॅचला तुर्कीविरुद्ध ११ सेकंदांत गोल खाल्ला आणि बॉल गेला होता होंगच्याच पायातून, तेही सांगायला हवं, नाहीतर आपण उगाच देव करून ठेवतो माणसांना.

२००२ च्या संघाचा कोच हिडिंक, त्याचा एक किस्सा मला फार आवडतो. कोच डच, आल्या आल्या त्याच्या लक्षात आलं की ही पोरं मैदानावर एकमेकांशी बोलतच नाहीत, कारण कोरियन भाषेत मोठ्या माणसाला अहो-जाहो करायचं, आणि अहो-जाहो करत करत ‘बॉल द्या ना इकडे’ म्हणेपर्यंत बॉल गेलेला असतो दुसऱ्याकडे. मग हुकूम निघाला की मैदानात सगळ्यांनी एकेरी नावाने हाक मारायची. आता होंग म्हणजे संघातला सगळ्यात दरारा असलेला माणूस, त्याला अरे-तुरे करणार कोण? तर सांगतात की किम नाम-इल नावाचं धीट पोरगं जेवायच्या वेळी येऊन म्हणालं, ‘ए म्योंग-बो, चल जेवायला.’ कल्पना करा, आपल्या थोरल्या काकांना कोणी असं म्हटलं तर घरात काय शांतता पसरेल!

आता कोच होंग. २००६ च्या वर्ल्ड कपला असिस्टंट होता, २००९ ला २० वर्षांखालच्या पोरांना घेऊन इजिप्तला गेला, क्वार्टर फायनलपर्यंत. हीच पोरं त्याने धरून ठेवली. २०१० ला चीनमधल्या ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये सेमीफायनल हरले आणि इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. कोरियात प्रत्येक धडधाकट तरुणाला लष्करात जाऊन यावं लागतं, जवळपास दोन वर्षं, ऐन खेळायच्या वयात. एशियन गेम्सचं गोल्ड किंवा ऑलिंपिकचं कुठलंही मेडल मिळालं तरच सूट. म्हणजे ग्वांगझूत गोल्ड गेलं तिथेच सगळं गेलं, ब्राँझच्या मॅचला काही अर्थच उरला नव्हता, तरी इराणविरुद्ध १-३ वरून शेवटच्या दहा-बारा मिनिटांत तीन गोल मारून ४-३ ने जिंकले.

मग २०१२, लंडन ऑलिंपिक. स्ट्रायकर पार्क चू-यंगने मोनॅकोत राहायच्या परवान्यावर लष्कराची नोकरी लांबवली म्हणून देशभर बोंब झाली होती, त्याला संघात घ्या म्हणायची कोणाची छाती नव्हती. होंग पत्रकार परिषदेत त्याच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, हा लष्करात गेला नाही तर याच्या जागी मी जातो. तेव्हा वय ४३! पुढे काय झालं, तर ब्रिटनला त्यांच्याच घरी पेनल्टीवर हरवलं, ब्राझीलकडून मार खाल्ला, आणि ब्राँझच्या मॅचला समोर जपान, म्हणजे कोरियन माणसासाठी याहून मोठं काही नाही. २-० ने जिंकले, पहिला गोल त्याच पार्क चू-यंगचा. संपता संपता होंगने किम की-ही नावाच्या डिफेंडरला मैदानात उतरवलं, कारण स्पर्धेत एक मिनिटही न खेळलेल्याला ती सूट मिळत नव्हती. चार-पाच मिनिटं बूट मळले आणि पोराची दोन वर्षं वाचली.

माझं म्हणणं एवढंच आहे मंडळी, की हा माणूस दुसऱ्याचं अंगावर घेतो, तो त्याचा स्वभावच आहे, आणि त्याच स्वभावाने त्याला खड्ड्यातही घातलं. २०१४ ब्राझील वर्ल्ड कप, आता तो मुख्य कोच. आधी स्वतःच म्हणाला होता की क्लबकडून नियमित खेळतो त्यालाच घेणार, आणि घेतलं कोणाला, तर पार्क चू-यंगला, जो क्लबसाठी जेमतेम उतरत होता. रशियाशी १-१, अल्जीरियाकडून २-४, बेल्जियमकडून ०-१, खेळ खलास. लोक म्हणाले हे फुटबॉल नाही, ही यारी-दोस्ती आहे. इंचॉन एअरपोर्टवर संघ उतरला तर त्यांच्यावर ‘यॉत’ फेकले, ही तिकडची चिकट गोड वडी असते, आणि कोरियन भाषेत ‘यॉत खा’ ही चक्क शिवी आहे. आपल्याकडे रेवडी उडवतात, तिकडे खरोखरच फेकली. दहा-बारा दिवसांत राजीनामा.

त्यानंतर चीनमध्ये हांगझोऊच्या क्लबला गेला, तो क्लब खालच्या डिव्हिजनला घसरला. मग काही वर्षं फेडरेशनमध्ये खुर्चीवर. संपला असं वाटत असताना उल्सान क्लबने बोलावलं. हा क्लब म्हणजे दुसऱ्या नंबरचा मालक, दर वर्षी जिंकता जिंकता राहायचा, त्यांना २०२२ ला १७ वर्षांनी लीग जिंकून दिली आणि २०२३ ला परत. आणि २०२२ च्या त्या संघात, क्लब मिळायची मारामार असलेला ३६ वर्षांचा कोण होता? पार्क चू-यंग. सुधारणार नाही हा माणूस!

२०२४ च्या फेब्रुवारीत कोरियाने राष्ट्रीय कोचला काढलं, तो कोच म्हणजे क्लिन्समन. मार्चमध्ये तात्पुरता कोच कोण, ह्वांग सन-होंग. आणि जुलैत कायमचा कोण, होंग. डॅलसच्या त्या मॅचला गोल मारणाऱ्या चारांपैकी तिघे ३० वर्षांनी एकाच वर्षात एकाच खुर्चीवर बसले. पण होंगने उल्सानच्या लोकांना आधी सांगितलं होतं की मी जाणार नाही, आणि गेला, तोही सीझन अर्धवट सोडून. म्हणाला, मी स्वतःला टाकून दिलंय, आता फक्त कोरियन फुटबॉल. आता हे देशासाठी अंगावर घेणं की शब्द मोडणं? मला विचाराल तर दोन्ही, आणि उल्सानच्या फॅनच्या जागी मी असतो तर मीही ओरडलो असतो. निवड नियमाने झाली का यावर थेट संसदेत सुनावणी झाली, होंगला तिथे बसून उत्तरं द्यावी लागली.

पहिली मॅच ५ सप्टेंबर २०२४, सोल, समोर पॅलेस्टाईन, निकाल ०-०. स्क्रीनवर होंगचा चेहरा आला की अख्खं स्टेडियम हूटिंग करत होतं, २००२ ला ज्याच्यासाठी हा देश रस्त्यावर नाचला होता तोच चेहरा. मॅच संपल्यावर एक खेळाडू एकटाच फॅन्सच्या स्टँडकडे चालत गेला आणि हात करून सांगू लागला की ओरडू नका, साथ द्या. तो किम मिन-जे, तोही डिफेंडरच.

त्यानंतरच्या क्वालिफायिंगमध्ये कोरिया एकही मॅच हरली नाही. ५ जून २०२५ ला बसरामध्ये इराकला २-० ने हरवून २०२६ च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं, सलग अकरावं. पुढच्या वेळी कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल बोलू, पत्रं येतायत तुमची, विसरलेलो नाही.