शुद्ध तेल, खवट तेल

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या वहिनी एक काचेची बाटली घेऊन आल्या. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, भाव नेहमीच्या पिशवीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणाल्या, "भाऊ, तुमचा जन्म तेलं तपासण्यात गेला. हे शुद्ध आहे का तेवढं सांगा, चकल्या करायला घ्यायच्यात." मी दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, नाकाशी नेले. म्हटलं, "वहिनी, शुद्ध असेलही. पण खराब आहे."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. शुद्धही आणि खराबही, असं कसं?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, आणि हा प्रश्न मला हजारदा तरी विचारला गेला असेल. भेसळ नाही म्हणजे तेल चांगलं, असं आपण धरून चालतो. प्रयोगशाळेत हे दोन वेगळे प्रश्न असतात, त्यांच्या कसोट्याही वेगळ्या. वहिनींच्या बाटलीत दुसऱ्या तेलाचा थेंब नसेल कदाचित, पण दाणेच जुने, ओल धरलेले असले की तेलातली आम्लता वाढते. त्यात बाटली पारदर्शक, आणि दुकानात उन्हाच्या कडेला मांडलेली. हवा, उजेड आणि उष्णता मिळाली की तेल खवट व्हायला लागतं. त्याची सुरुवात नाकाला कळायच्या आधी पेरॉक्साइड मूल्यात, म्हणजे हवेने तेल किती बिघडायला लागलंय ते सांगणाऱ्या आकड्यात दिसते. नाकाला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

घाण्याच्या तेलाची आता ठाण्यात, डोंबिवलीत, वाशीत चांगलीच हवा आहे. माझं त्याच्याशी वैर नाही. वास आणि चव त्याचीच. पण बुरशी लागलेल्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष घाण्यात नष्ट होत नाही, ते थोडं तेलातही उतरतं. रिफायनरीत अल्कली आणि ब्लीचिंगच्या मातीमुळे त्यातलं बहुतेक निघून जातं. म्हणून घाणेवाल्याला "तेल शुद्ध आहे ना?" असं विचारून उपयोग नाही. तो हो म्हणणार, आणि खरंच बोलणार. त्याला दाणे दाखवायला सांगा. सुरकुतलेले, काळे पडलेले दाणे पोत्यात दिसले तर पुढच्या दुकानात जा.

आता भेसळीकडे वळू. इथे माझीच एक फजिती सांगतो.

नोकरीला लागून वर्ष झालं असेल. शेंगदाणा तेलाचा एक नमुना आला. मी आयोडीन मूल्य काढलं. तेल किती आयोडीन शोषतं त्यावरून त्यातली असंतृप्त स्निग्धाम्लं (अनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिड्स) किती ते समजतं. द्रावण घालून फ्लास्क अंधारात ठेवायचा, मग थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडत बसायचं. स्टार्चचा निळा रंग उडाला की आकडा मिळाला. शेंगदाण्याचा आकडा ८५ ते ९९ मध्ये बसायला हवा. माझा आला ९३. ऐटीत "योग्य" लिहून मी कागद पुढे सरकवला.

आमचे साहेब जुने, तंबाखू मळत बोलणारे. म्हणाले, "पामोलिनचा आकडा किती रे?" म्हटलं, ५६च्या आसपास. "सोयाबीनचा?" १३०. "मग दोन्ही निम्मंनिम्मं घातलं तर?" मी मनात बेरीज केली, भागिले दोन. ९३!

मग त्यांनी मला बेलियरच्या कसोटीला बसवलं. एक मिलिलिटर तेलाचं पोटॅशमध्ये साबण करायचं, ॲसेटिक आम्लाने उदासीन करायचं, त्यात सत्तर टक्के अल्कोहोल ओतायचं आणि थर्मामीटर घालून ढवळत हळूहळू थंड होऊ द्यायचं. शेंगदाण्यात लांब साखळीची काही स्निग्धाम्लं असतात, ॲराकिडिक आणि त्याच्या पुढची. गार होताना आधी तीच बाहेर पडतात, आणि ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान स्वच्छ द्राव दुधाळ होतो. मी फ्लास्क उजेडापुढे धरून उभा. ४१ गेले, ३९ गेले, ३५ गेले. द्राव आपला काचेसारखा नितळ. ३० च्याही खाली गेल्यावर साहेब म्हणाले, "राहू दे आता. चहा पी." त्या दिवसापासून एकट्या आकड्यावर मी कधी सही केली नाही. आता गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रावर स्निग्धाम्लांचा सगळा आलेखच समोर येतो, काम सोपं झालंय. तरी मला बेलियरचा तो दुधाळ क्षण जास्त आवडतो.

आयोडीन मूल्य तुमच्या स्वयंपाकघरातही दिसतं बरं का. करडईच्या तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी नखाने खरवडावा लागणारा पिवळा चिकट राप बसतो ना? करडईचा आकडा १३५ च्या वर. अशी तेलं हवेत वाळून पातळ पापुद्रा धरतात. खोबरेल तेलाचा आकडा जेमतेम ८-१०, त्याच्या बाटलीला असा राप धरत नाही.

तिळाच्या तेलाची तर वेगळीच गंमत. फरफ्युरल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलवलं की खालच्या थराला गुलाबी-लाल रंग चढतो. ही बॉडोइन कसोटी. तिचा उपयोग करून घेण्यासाठी आपल्याकडे वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याचा नियम केला गेला. का? तर तेच वनस्पती कुणी साजूक तुपात मिसळलं की लाल रंगाने चोरी उघडी पडावी. चोराच्या खिशात आधीच घंटा बांधून ठेवल्यासारखं.

सगळीच भेसळ नुसत्या पैशाची नसते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. पाय सुजले, हृदयं निकामी झाली, साठाहून अधिक माणसं दगावली. पिवळा धोतरा म्हणजे आपल्या पडीक रानातलं तेच काटेरी, पिवळ्या फुलांचं झुडूप. बी दिसायला मोहरीसारखंच. ते ओळखणं प्रयोगशाळेचं काम. तीव्र आम्लं घेऊन घरी प्रयोग करू नका.

आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फ्रिजच्या कसोटीबद्दल: तेल फ्रिजमध्ये ठेवा आणि ते कसं गोठतं त्यावरून भेसळ ओळखा, म्हणे. खोबरेल तेलाला ती थोडीफार चालते: शुद्ध असेल तर सगळं गोठतं, मिसळलेलं दुसरं तेल वेगळं राहतं. पण शेंगदाणा तेल फ्रिजमध्ये आपोआपच धूसर, दाट होतं. ते पाहून "पाम घातलंय" म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

भांडायचंच असेल तर कायद्याने भांडा. अन्नसुरक्षा कायदा, २००६, कलम ४० प्रमाणे कोणीही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. अहवालात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. "हे मी तपासायला देणार आहे" असं काउंटरवर नुसतं मोठ्याने म्हणून बघा, बिल किती लगेच मिळतं ते! सुटं तेल मात्र घेऊच नका, त्याच्या विक्रीवर २०११ च्या नियमांत बंदी आहे; राज्याने खास सूट दिली तरच ते विकता येतं. पिशवीवर "मिश्र खाद्यतेल" लिहिलेलं असेल तर कोणतं तेल किती टक्के, हेही वाचा. समोरचं मोठं चित्र करडईचं असतं, टक्केवारी मात्र चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही.

वहिनींनी चकल्या शेवटी पिशवीतल्या तेलातच तळल्या. त्या बाटलीतलं तेल पणत्यांत गेलं. वसुबारसेच्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात उभे राहून विचारत होते, "कुणाकडे जुने दाणे भाजतायत हो?"